टेबलावरचा एक्सएमएलचा जाडजूड संदर्भग्रंथ: ठेवावा की रद्दीत घालावा?

मेतकूट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर हलतंय. कपाटं रिकामी करताना एक्सएमएलचा (माहिती टॅगांमध्ये बांधून लिहायच्या भाषेचा) सुमारे सातशे पानांचा डेस्क रेफरन्स हाती लागला. 2004 सालची आवृत्ती, भारतीय पुनर्मुद्रण, पानं पिवळी पडलेली, मागे 'फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी' असा शिक्का. आत एक्सएमएल 1.0, नेमस्पेस (सारख्या नावाचे टॅग वेगळे राहावेत म्हणून दिलेला पत्ता), डीटीडी आणि स्कीमा (फाइलची रचना ठरवणारे नियम), एक्सपाथ (फाइलमधला हवा तो भाग शोधायची भाषा), एक्सएसएलटी (एका रूपातून दुसऱ्यात नेणारी), एक्सएसएल-एफओ (छापायची पानं मांडणारी), एक्सलिंक (दुवे), डॉम, सॅक्स (कोडमधून फाइल वाचायच्या दोन पद्धती) आणि शेवटी युनिकोडचे तक्ते.

आमचं काम बँकांच्या संदेशांचं, म्हणजे आयएसओ 20022. एक्सएमएलशी रोजचाच संबंध. पुस्तक मी टेबलावर आणून ठेवलं तर शेजारचा पोरगा म्हणाला, "सर, हे आता कोण वाचतं? एआयला विचारा की." मी काही बोललो नाही, पण तेव्हापासून ते बऱ्याचदा उघडलं गेलंय. म्हणून विचारतो: असं पुस्तक अजून कुणी हाताशी ठेवतं का? त्यातल्या कुठल्या भागावर डोळे मिटून विश्वास ठेवावा आणि कुठला सरळ ओलांडून पुढे जावं?

ताकभात

एक्सएमएल अजून आहे? मला वाटलं बारावं-तेरावं उरकलं. जेसन (माहिती लिहायची दुसरी, सुटसुटीत पद्धत) वापरा आणि सुखी व्हा. ह.घ्या. (हलकेच घ्या)

खिडकीची_सीट

@ताकभात, आज टपरीवर चहाचे पैसे यूपीआयने दिले असतील ना? यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयच्या तांत्रिक दस्तऐवजात ते संदेश एक्सएमएलमध्येच आहेत. आधारची ऑफलाइन ई-केवायसी फाइल झिपमधून काढून बघा, एक्सएमएल. तुमचा वर्डमधला बायोडेटा? डॉकएक्स फाइलचं नाव बदलून झिप करा आणि उघडा. आरटीजीएस 2013 पासून आयएसओ 20022 वर आहे. तेराव्याला जेवायला फार लोक येतील, पण यजमान जिवंत आहे.

ताकभात

भापो (भावना पोहोचल्या). पॉपकॉर्न घेऊन बसतो.

जुना_खांब

मूळ प्रश्नाकडे. मी या भानगडीत एक्सएमएलच्या पूर्वजाच्या, एसजीएमएलच्या काळापासून आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

पुस्तक 2004 चं म्हणजे शिळं, हे गणित जावास्क्रिप्टला लागू पडतं, इथे नाही. एक्सएमएल 1.0 ची शिफारस 10 फेब्रुवारी 1998 ला आली. ती धरून एकूण पाच आवृत्त्या निघाल्या, शेवटची नोव्हेंबर 2008 मध्ये, आणि त्यांत बहुतेक दुरुस्त्याच होत्या. मधे 2004 मध्ये 1.1 आणून पाहिलं, ते कुणी फारसं घेतलं नाही. नेमस्पेस 1999. एक्सपाथ 1.0 आणि एक्सएसएलटी 1.0 दोन्ही 16 नोव्हेंबर 1999. ही मंडळी जिथे होती तिथेच आहेत. आजही कितीतरी ठिकाणी तुमच्या हाताखाली जो एक्सपाथ चालतो तो 1.0 च असतो, कारण लिबएक्सएमएल2 (सर्रास वापरली जाणारी लायब्ररी) त्याच्या पुढे गेलंच नाही. त्यामुळे पुस्तकातली ती प्रकरणं आज छापली असती तरी फारसं काही बदलावं लागलं नसतं.

आता काय ओलांडायचं. एक्सलिंक, एक्सपॉइंटर: त्या काळातल्या मोठ्या आशा, वाचून सोडून द्या. एक्सएचटीएमएल (एचटीएमएलचं एक्सएमएल रूप) हेच वेबचं भविष्य, असं कुठे म्हटलं असेल तर हसून पान उलटा. एक्सएसएलटी 2.0 (2007) आणि 3.0 (2017) त्यात असणारच नाहीत. तुम्ही सॅक्सन (या नव्या आवृत्त्या चालवणारा प्रोसेसर) वापरत असाल तर तिथे हे पुस्तक कमी पडेल. स्कीमा 1.1 सुद्धा 2012 चं. आणि क्रोमने 2025 मध्ये ब्राउझरमधला एक्सएसएलटीचा आधार काढायचं ठरवल्याचं जाहीर केलंय, तेव्हा 'ब्राउझरमध्ये एक्सएसएलटी चालवा' वाली पानंही इतिहासजमा समजा.

ढोबळी_मिरची

आमच्याकडे असाच एक ग्रंथ आहे. मॉनिटरखाली. उंची अगदी बरोब्बर, मानदुखी गेली. एक्सएमएलचा एवढा थेट फायदा मला दुसऱ्या कुणाला झालेला माहीत नाही.

स्वल्पविराम

जुना_खांब यांना +1, पण एक मोठं राहिलं. सुरक्षा.

त्या काळातल्या पुस्तकांत बाह्य एंटिटी ही सोय म्हणून शिकवलेली असते: डीटीडीत एक नाव जाहीर करा, त्याला फाइलचा पत्ता द्या, पार्सर (एक्सएमएल वाचणारा प्रोग्राम) ती फाइल आणून मधे चिकटवेल. केवढं छान! आता तीच फाइल बाहेरच्या माणसाने पाठवली आणि पत्ता तुमच्या सर्व्हरवरच्या पासवर्डच्या फाइलचा असला तर? पार्सर तीही इमानेइतबारे चिकटवतो. याला एक्सएक्सई म्हणतात आणि ओवास्प या वेब-सुरक्षेच्या संस्थेच्या 2017 च्या पहिल्या दहा धोक्यांत ते चौथ्या नंबरवर होतं.

दुसरा प्रकार त्याहून मजेशीर. पहिल्या एंटिटीत 'लोल' हा शब्द. दुसरीत पहिली दहा वेळा. तिसरीत दुसरी दहा वेळा. असं नऊ वेळा करा. फाइल जेमतेम एक केबीची, पण उलगडली की शंभर कोटी 'लोल' आणि मेमरीत तीन जीबी. सर्व्हर जागच्या जागी बसतो. यात एकही नियम मोडलेला नाही, फाइल पूर्णपणे सुघटित आहे. म्हणून पुस्तक वाचून कोड लिहिताना डीटीडी आणि बाह्य एंटिटी पार्सरमध्ये बंद आहेत ना, हे आधी पाहा. नव्या लायब्रऱ्यांत बऱ्याचदा ते आपोआप बंद असतं, जावातल्या जुन्या कोडमध्ये नसतं.

कृष्णाकाठ

मी प्रोग्रामर नाही. जुन्या मराठी पोथ्यांच्या सूचीचं काम करते, त्यामुळे माझा अनुभव जरा वेगळ्या वाटेचा आहे.

आम्ही टॅग मराठीत ठेवले. एक्सएमएलला ते पहिल्या दिवसापासून चालतं, हे बऱ्याच इंजिनियर लोकांनाही माहीत नसतं. असं:

`<पोथी क्रमांक="112"><शीर्षक>…</शीर्षक><कोऱ्या_पानांची_संख्या>4</कोऱ्या_पानांची_संख्या></पोथी>`

दोघीजणी नोंदी भरत होतो. माझ्या फाइली चालायच्या, सहकारी बाईंच्या अडकायच्या. पार्सर म्हणे टॅगच्या नावात नको ते अक्षर आहे. स्क्रीनवर दोन्ही 'कोऱ्या' शेजारी शेजारी ठेवून पाहिले, मुद्रणातसुद्धा फरक नाही. शेवटी एका मुलाने अक्षरांचे कोड काढून दाखवले. माझ्या कीबोर्डवर तो अर्धा र, नुक्त्याचा ऱ अधिक हलन्त अधिक य, असा उमटत होता. त्यांच्या कीबोर्डवर साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह (झेडडब्ल्यूजे) आणि य. डोळ्यांना एकच, यंत्राला दोन निराळे शब्द.

आणि इथे असंच एक जुनं पुस्तक कामी आलं. त्याच्या मागे टॅगच्या नावात कुठली अक्षरं चालतात याचा अख्खा तक्ता होता. देवनागरीचे स्वर-व्यंजनं अ पासून ह पर्यंत आहेत, मात्रा आहेत, हलन्त आहे, अंक आहेत (पण नावाच्या सुरुवातीला अंक चालत नाही). ते अदृश्य जोडचिन्ह तक्त्यात नव्हतं. म्हणजे पार्सर बरोबर होता.

खिडकीची_सीट

@कृष्णाकाठ, जबरी! वाचनखूण साठवली.

यात एक भर. तो तक्ता एक्सएमएल 1.0 च्या चौथ्या आवृत्तीपर्यंतचा. त्यात अक्षरं एकेक मोजून दिली होती, तीही युनिकोड 2.0 च्या हिशोबाने. मग आपल्या ॲ ची पंचाईत बघा. एका कोडचा ॲ युनिकोडमध्ये आलाच 2008 साली, 5.1 मध्ये. म्हणजे `<ॲप>` हा टॅग जुन्या नियमाने चुकीचा, पाचव्या आवृत्तीच्या नियमाने बरोबर, कारण तिथे मोजून अक्षरं देण्याऐवजी मोठमोठे पट्टे मोकळे सोडले. तुमचं ते अदृश्य जोडचिन्हही पाचव्या आवृत्तीत चालतं. सगळ्या पार्सरांनी मात्र पाचवी आवृत्ती उचललेली नाही. तेव्हा एकाच फाइलवर दोन पार्सरांचं भांडण झालं तर पहिला संशय इथे घ्या.

नवाकोरा

पण मुळात टॅग मराठीत कशाला? उद्या सूची दुसऱ्या संस्थेला द्यायची झाली तर? टीईआय (ग्रंथांच्या टॅगांचे ठरलेले नियम) आहे की, त्यात हस्तलिखितांसाठी वेगळा भागच आहे. टॅग इंग्रजी, मजकूर मराठी. झंझट नाही.

कृष्णाकाठ

@नवाकोरा, टीईआय माहीत आहे, बाहेर देताना एक्सएसएलटीने त्यातच रूपांतर करतो. पण आता नोंदी भरणाऱ्या दोन जणी संस्कृतच्या निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांना `<हाशिया>` आणि `<पुष्पिका>` लगेच कळतं. त्यांच्या सोयीसाठी यंत्राने जरा कष्ट घेतले तर बिघडलं कुठे?

(टॅगमधलं ते 'कोऱ्या' आम्ही काढलं. आता `<रिकामी_पानं>` आहे. वाद मिटला.)

नवाकोरा

भापो. पण तुमच्यानंतर जो माणूस तो कोड सांभाळेल त्याच्याबद्दल सहानुभूती.

ताळेबंद

मी सीए आहे, प्रोग्रामिंगशी संबंध नाही, पण टॅलीत बाहेरून व्हाउचर आणायची तर एक्सएमएल लागतं. आमच्याकडचा एक आर्टिकल (शिकाऊ सीए) एक्सेलमधून फाइल बनवून द्यायचा. एका क्लायंटची फाइल सगळी जायची, दुसऱ्याची कधीच जायची नाही. कारण काय? दुसऱ्याच्या पार्ट्यांच्या नावात 'शहा & कंपनी', 'पाटील & सन्स'. ते & चिन्ह एक्सएमएलमध्ये उघडं ठेवता येत नाही, ते &#38; असं लिहावं लागतं. व्यापाऱ्यांच्या खातेवहीत & नसलेलं पान दाखवा मला!

मग एका मित्राने असल्याच एका पुस्तकातलं एकच पान झेरॉक्स करून दिलं. पाच आरक्षित चिन्हं आणि ती कशी लिहायची. तेवढं पान आर्टिकलच्या टेबलासमोर चिकटवलंय. बाकी पुस्तकाची गरज पडली नाही. इन्कम टॅक्सवाले तर 2021 च्या नव्या पोर्टलपासून जेसनवर गेले, त्यामुळे तिकडची डोकेदुखी तरी संपली.

ढोबळी_मिरची

संपली नाही काका, नाव बदलून आली.

स्वल्पविराम

@ताळेबंद, पत्त्यांकडेही लक्ष ठेवा. वर्डमध्ये शिफ्ट-एंटर मारून तोडलेली ओळ दुसरीकडे चिकटवली की कधीकधी 11 क्रमांकाचं नियंत्रण-अक्षर येऊन बसतं. ते दिसत नाही आणि एक्सएमएल 1.0 ला ते कुठल्याच रूपात चालत नाही; &#11; असं लिहिलं तरी नाही. 32 च्या खालच्या नियंत्रण-अक्षरांपैकी टॅब, नवी ओळ आणि कॅरेज रिटर्न एवढीच तीन चालतात. हे अक्षर गाळून टाकण्यावाचून इलाज नसतो.

स्टुटगार्टची_भाकरी

इथे जर्मनीत मशिनांच्या माहितीपुस्तिका करते. आमच्याकडे अजून एक्सएसएल-एफओ रोज चालतं. त्या विषयावर नवं पुस्तक शोधायला गेलात तर हाती फार काही लागत नाही, म्हणून जुनी प्रकरणं आम्ही जपून वापरतो. फक्त एक: त्या काळातलं फॉप (एक्सएसएल-एफओवरून पीडीएफ बनवणारं सॉफ्टवेअर) देवनागरी नीट जोडत नसे. 'क्ष' आणि 'र्थ' फुटून यायचे, ऱ्हस्व इकार अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसायचा. 2012 च्या 1.1 आवृत्तीपासून ते सुधारलं. तेव्हा पुस्तकातली मर्यादा ही आजची मर्यादा समजू नका.

प्रवाळ

अवांतर: अप्पा बळवंत चौकात असली पुस्तकं किलोवर मिळायची ते दिवस आठवले. आणि फोर्टच्या फुटपाथवर दोन आवृत्त्या मागचं पुस्तक नव्याच्या भावात विकणारे. घासाघीस करताना आपण 'ही जुनी आवृत्ती आहे' म्हणायचं, तो म्हणायचा, 'साहेब, आतला मजकूर नवाच आहे.' एक्सएमएलच्या बाबतीत तो खरंच बोलत होता, हे आज जुना_खांब यांचा प्रतिसाद वाचून कळलं.

रात्रपाळी

एआयबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून.

मी विचारतो, उपयोगही होतो. पण एक्सपाथमध्ये ते हमखास पुढच्या आवृत्तीत घसरतं. आमच्याकडे 1.0 चा प्रोसेसर. मला नावाचा शेवट विशिष्ट अक्षरांनी होतो का ते तपासायचं होतं. उत्तर आलं: एंड्स-विथ वापरा. दिसायला शंभर टक्के बरोबर, चालवलं तर 'असं फंक्शन नाही'. कारण 1.0 मध्ये स्टार्ट्स-विथ आहे, एंड्स-विथ नाही! इंग्रजी मोठी अक्षरं लहान करायचं फंक्शनही नाही, ट्रान्सलेट वापरून सव्वीस अक्षरं सव्वीस अक्षरांना जोडत बसावं लागतं. एक्सपाथ 1.0 मध्ये एकूण 27 फंक्शनं. पुस्तकात ती सलग छापलेली असतात. जे त्या यादीत नाही ते नाही, विषय संपला. स्क्रीनवरच्या उत्तराची हीच गोची आहे: कायकाय नाही ते ते सांगत नाही.

नवाकोरा

प्रॉम्प्टमध्ये 'फक्त 1.0' असं लिहिलं असतं तर?

रात्रपाळी

लिहिलं होतं. माफी मागून दुसरं उत्तर दिलं. त्यात मॅचेस होतं. तेही 2.0 चं.

मेतकूट

एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. आता माझंच एक अडलेलं विचारतो. नावं मराठीत करून देतो. संदेश असा:

`<संदेश …><व्यवहार><रक्कम>4500</रक्कम></व्यवहार><व्यवहार><रक्कम>1200</रक्कम></व्यवहार></संदेश>`

टिंबं आहेत तिथे एक्सएमएलएनएस ने नेमस्पेस दिलेली आहे, उपसर्ग (नावाआधी लावायची छोटी खूण) न लावता. मी एक्सपाथ लिहितो: `//रक्कम`. उत्तर शून्य. चूक-त्रुटी काही नाही, नुसतं शून्य. ती नेमस्पेस हाताने खोडली की दोन्ही रकमा येतात. बँकेकडून आलेली फाइल मी खोडू शकत नाही.

खिडकीची_सीट

या क्षेत्रात आलेल्या प्रत्येकाला हा विंचू एकदा डसतोच.

फाइलमध्ये उपसर्ग नसला तरी तो 'रक्कम' आता त्या नेमस्पेसचा झाला. त्याचं पूर्ण नाव म्हणजे नेमस्पेस अधिक रक्कम. पण एक्सपाथ 1.0 मध्ये उपसर्गाशिवाय लिहिलेलं नाव म्हणजे 'कुठल्याच नेमस्पेसमध्ये नसलेला रक्कम'. असा एकही नाही, म्हणून शून्य, आणि शून्य हे वैध उत्तर असल्यामुळे तक्रारही नाही. उपाय: तुमच्या कोडमध्ये त्याच नेमस्पेसला कुठलाही उपसर्ग जोडा, समजा 'बँ', आणि लिहा `//बँ:रक्कम`. फाइलमध्ये 'बँ' कुठेच नाही याची काळजी करू नका. जुळणी नेमस्पेसच्या पत्त्याची होते, उपसर्गाची नाही.

पुस्तकात हे नेमस्पेसच्या प्रकरणात अर्धं आणि एक्सपाथच्या प्रकरणात अर्धं असणार. म्हणूनच सापडत नाही.

रात्रपाळी

किंवा लोकल-नेम (नेमस्पेस सोडून नुसतं नाव देणारं फंक्शन) वापरून नेमस्पेसला बगल द्या. दोन मिनिटांचं काम.

जुना_खांब

@रात्रपाळी, नको. आज दोन मिनिटं वाचतील, उद्या त्याच फाइलमध्ये डिजिटल सही किंवा दुसऱ्या स्कीमातला तुकडा आला आणि त्यातही 'रक्कम' असली की बेरीज वाढेल, तेही गुपचूप. बँकेच्या कामात गुपचूप वाढलेली बेरीज म्हणजे काय ते सांगायला नको.

रात्रपाळी

मान्य, पण आयएसओ 20022 मध्ये नेमस्पेसच्या नावातच संदेशाची आवृत्ती असते. पेन.001.001.03 (पैसे पाठवायच्या आदेशाचा संदेश) वरून 09 वर गेलं की नेमस्पेस बदलली, आणि तुमचे सगळे एक्सपाथ पुन्हा शून्य. लोकल-नेमकडे लोक आळसाने जात नाहीत, वैतागून जातात.

जुना_खांब

तो वैताग खरा आहे. पण आवृत्ती बदलली की घटकांची रचनाही बदलते, काही सक्तीचे होतात, काही आत सरकतात. तेव्हा कोड अडलेलाच बरा. उपसर्गाची जोडणी एकाच ठिकाणी ठेवा, प्रत्येक आवृत्तीला आपली स्वतंत्र.

मेतकूट

चाललं! `//बँ:रक्कम` ने दोन्ही आल्या. आणि खिडकीची_सीट म्हणाले तसंच निघालं: नेमस्पेसच्या प्रकरणात जाहीर कसं करायचं ते आहे, एक्सपाथच्या प्रकरणात उपसर्गाबद्दल एक वाक्य आहे, आणि दोन्हींमध्ये दीडशेच्या वर पानं. शेजारच्या पोराला दाखवलं. तो म्हणाला, "मग याचा फोटो काढून ग्रुपवर टाका ना." टाकला.

पुस्तक राहतंय. एंटिटीच्या पानावर स्वल्पविराम यांचा इशारा पेन्सिलीने लिहिलाय, आणि एक्सलिंकचं प्रकरण रबरबँड लावून बंद केलंय.

ताकभात

पेन्सिलीने का? पेनने लिहा, पुढच्या माणसाला खोडता यायला नको.

संपादक मंडळ

धागा 'तंत्रज्ञान' विभागात हलवला आहे. एका सदस्याच्या विनंतीवरून एक प्रतिसाद प्रकाटाआ (काढून टाकण्यात आला आहे).

ढोबळी_मिरची

तो माझाच होता. जेसनवाल्यांबद्दल जरा जास्त बोललो होतो.

पहिला_पाऊस

उशिरा आलो, माफ करा. त्या पुस्तकात एक्सक्वेरी (एक्सएमएल डेटाला प्रश्न विचारायची भाषा) आहे का? आमच्याकडे बेसएक्स या एक्सएमएल डेटाबेसवर थोडा डेटा आहे.

जुना_खांब

2004 च्या पुस्तकात असली तर मसुद्याची. एक्सक्वेरी 1.0 जानेवारी 2007 ची आणि अंतिम रूपात बरंच बदललं. बेसएक्सचं स्वतःचं दस्तऐवजीकरण चांगलं आहे, तिथून सुरुवात करा. अडलं तर वेगळा धागा काढा, येतो.